जुन्या नंबर प्लेटवरून गाडीचा इतिहास कसा शोधावा? वारसदार आणि योजनांच्या लाभार्थींसाठी माहिती

थोडक्यात

• गाडीच्या नंबरवरून तिची नोंदणी कोणत्या राज्यात, साधारण कोणत्या काळात आणि कोणत्या परिवहन कार्यालयात झाली हे कळते. मालक कोण, हे मात्र कार्यालयातील नोंद सांगते.
• गाडी दुसऱ्या राज्यात गेली की नंबर बदलतो. त्यामुळे आज दिसणारा नंबर हा गाडीचा पहिला नंबर असेलच असे नाही.
• अनेक कल्याणकारी योजनांत चारचाकी वाहनाची अट असते. विकलेली, मोडीत गेलेली किंवा मृत व्यक्तीच्या नावावर राहिलेली जुनी गाडी अर्जाच्या वेळी अडचण करू शकते.
• गाडी ५० वर्षांहून जुनी असल्याचे सिद्ध झाले, तर तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येते.

ही माहिती कोणासाठी?

हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर बहुतेकांवर बेंगळूरूचे केए ०४, केए ५० असे नंबर दिसतात. त्यांतच बेळगावचा केए २२, कोल्हापूरचा एमएच ०९, सोलापूरचा एमएच १३ हेही असतात. नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी इथे आलेल्या मराठी कुटुंबांच्या या गाड्या आहेत. क्वचित एखाद्या गल्लीत ताडपत्रीखाली झाकलेली जुनी फियाट किंवा ॲम्बॅसेडर उभी असते आणि तिच्यावर आकड्यांच्या आधी तीन अक्षरे असलेला जुना नंबर असतो.

अशी गाडी आपल्या घरी असेल, वडिलांनी किंवा पतीने पूर्वी कधी विकली असेल, किंवा आता फक्त तिची पत्र्याची प्लेट माळ्यावर उरली असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे. (प्लेटवर अक्षरे इंग्रजी लिपीत असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

जुन्या गाडीची नोंद योजनेच्या आड कशी येते?

महाराष्ट्रातील मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अपात्रतेच्या निकषांत, कुटुंबातील सदस्याच्या नावावर ट्रॅक्टर वगळून चारचाकी वाहन नोंदणीकृत असणे, ही बाब आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये कुटुंबाकडे मोटारचालित तीनचाकी किंवा चारचाकी असल्यास ते कुटुंब वगळले जाते. कर्नाटकात बीपीएल शिधापत्रिका देताना पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी वापराची चारचाकी आहे का, हे पाहिले जाते.

लाडकी बहीण योजनेच्या निकषातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द नीट वाचावा. गाडी चालते की नाही, दारात आहे की भंगारात गेली, हा पुढचा प्रश्न झाला. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आधी परिवहन विभागाची नोंद येते. पतीने २० वर्षांपूर्वी गाडी विकली, पण खरेदीदाराने ती स्वतःच्या नावावर करून घेतली नाही, तर नोंदीत मालक म्हणून पतीचेच नाव राहते.

प्रत्येक योजनेत ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या वेगळी असते. सासऱ्यांच्या किंवा विभक्त राहणाऱ्या दिराच्या नावावरची गाडी आपल्या कुटुंबाची धरली जाईलच असे नाही. म्हणून आधी योजनेची व्याख्या वाचावी आणि मग गाडीची नोंद शोधावी.

नोंद चुकीची राहण्याचा धोका योजनेपुरता नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी पुढे विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल. म्हणजे विकून टाकलेल्या गाडीची जबाबदारीही आपल्यावर येऊ शकते.

नंबर कसा वाचावा?

भारतातील जुन्या आणि नव्या नंबरांमधली सीमारेषा १९८९ ही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी मोटार वाहन अधिनियम, १९३९ होता.

१. नवा नंबर (१९८९ नंतर): यात चार भाग असतात. राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक, मालिकेची अक्षरे आणि शेवटी जास्तीत जास्त चार आकडे. एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १० सांगली, एमएच ३१ नागपूर. केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ चिक्कोडी, केए ३८ बीदर. या नंबरवरून कार्यालय थेट कळते.

२. जुना नंबर (१९८९ पूर्वी): यात तीन अक्षरे आणि त्यापुढे जास्तीत जास्त चार आकडे असतात. पहिल्या दोन अक्षरांवरून साधारणपणे राज्य कळते. तिसरे अक्षर मालिकेचे असते. मालिका कार्यालयांना वाटून दिलेल्या असत.

आपल्या भागात नेहमी आढळणारी जुनी अक्षरे अशी:

• बीएम, बीएल, बीवाय: जुने मुंबई राज्य
• एमआर, एमएम, एमएच (पुढे आणखी एक अक्षर): १९६० नंतरचा महाराष्ट्र
• एमवाय: म्हैसूर राज्य
• सीए: कर्नाटक
• जीडी: गोवा
• एमएस: मद्रास राज्य
• केएल (पुढे आणखी एक अक्षर): केरळ

येथे एक चूक नेहमी होते. एमएच ही अक्षरे जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींत आहेत. अक्षरांनंतर लगेच दोन आकडी कार्यालय क्रमांक आला तर नंबर नवा. एमएचनंतर तिसरे अक्षर आणि मग आकडे आले तर नंबर जुना. ‘एमवाय’ म्हणजे म्हैसूर शहर असाही समज असतो. ती अक्षरे संपूर्ण म्हैसूर राज्याची होती.

३. प्लेटवरची लिपी: पूर्वी रंगाऱ्याकडून प्लेट लिहून घेत. महाराष्ट्रात मराठी आणि कर्नाटकात कन्नड आकडे लिहिलेल्या प्लेटा बऱ्याच होत्या. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी न वाचणाऱ्या व्यक्तीने फोटो पाहून तो नऊ म्हणून उतरवला, तर शोध चुकीच्या गाडीकडे जातो. म्हणून अर्जात नंबर अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावा.

राज्ये बदलली, नंबर मागे राहिले

जुना नंबर वाचताना त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे भाग ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. बीदर त्याच दिवशी हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले.

यावरून लक्षात येईल की, बेळगावात १९५४ साली नोंदलेल्या गाडीवर मुंबई राज्याची अक्षरे असणे स्वाभाविक आहे. ती पाहून गाडी मुंबई शहरातून आली असे समजू नये. तसेच जुन्या मुंबई राज्याचा नंबर आज महाराष्ट्रातील, गुजरातमधील किंवा कर्नाटकातील कार्यालयाकडे घेऊन जाऊ शकतो. गाडी तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होती, यावरून पुढची दिशा ठरते.

नंबरचे ‘माहेर’ आणि गाडीचे ‘माहेर’ वेगळे असू शकते

माजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांची १९६४ ची फियाट दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जतन केलेली आहे. तिचा नंबर डीएलई ६. गाडीची किंमत १२,००० रुपये होती. घरात सुमारे ७,००० रुपये होते, म्हणून शास्त्रीजींनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज घेतले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये त्यांचे निधन झाले. उरलेले कर्ज त्यांच्या पत्नी ललिता शास्त्री यांनी निवृत्तिवेतनातून फेडले.

या एका गाडीवरून नंबर प्लेटची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. डीएल ही अक्षरे दिल्लीची नोंदणी सांगतात. पण त्या काळात भारतात विकल्या जाणाऱ्या फियाट मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत. गाडी कुठे बनली, किती रुपयांना घेतली, कर्ज कोणी फेडले, यांतले काहीही प्लेटवर नाही. ते कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणीत असते. कागदपत्रे कुठे शोधायची, हे मात्र प्लेट सांगते.

ब्रिटनमध्ये गाडी एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात गेली तरी सहसा पहिलाच नंबर कायम राहतो. त्यामुळे तिथे जुन्या नंबरावरून पहिल्या नोंदणीपर्यंत पोहोचणे सोपे जाते. भारतात गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणून आपल्याकडे माग उलट्या दिशेने काढायचा असतो: आजचा नंबर, त्याआधीचा नंबर, त्याच्याही आधीचा नंबर.

माग काढण्याच्या पायऱ्या

पायरी १. घरातील सर्व पुरावे एकत्र करा.
जुने आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, पीयूसी, गॅरेजची बिले, वाहतूक पोलिसांच्या दंडाच्या पावत्या, यांपैकी कशावरही जुना नंबर असू शकतो. घरातील अल्बमही पाहा. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोत गाडीचा नंबर दिसतो आणि फोटोमागे तारीख लिहिलेली असते. फोटो हा मालकीचा पुरावा नाही, पण कोणत्या वर्षी कोणता नंबर होता हे त्यावरून समजते.

पायरी २. गाडी असेल तर चॅसिस आणि इंजिन नंबर उतरवून घ्या.
नंबर प्लेट बदलता येते. चॅसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि राज्य बदलले तरी तोच राहतो. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली की चॅसिस नंबरचा ठसा मिळतो. इंजिन मात्र मधल्या काळात बदललेले असू शकते. आरसी बुकवरील नंबर आणि गाडीवरील नंबर जुळतात का, ते पाहा.

पायरी ३. गाडीचे मॉडेल आणि नंबरचा काळ जुळतो का, ते तपासा.
ॲम्बॅसेडरचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव १९७० च्या दशकात मिळाले. आता ‘पद्मिनी’ नाव असलेल्या गाडीवर जुन्या मुंबई राज्याचा बीएम नंबर दिसला, तर कुठेतरी गफलत आहे. नंबर दुसऱ्या गाडीचा असेल किंवा गाडीचे भाग बदललेले असतील. खुलासा होईपर्यंत अशी गाडी विकत घेऊ नये आणि तिच्यासाठी अर्जही करू नये.

पायरी ४. ऑनलाइन नोंद पाहा.
केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंद शोधता येते. नोंद सापडली नाही, तर गाडी नोंदीतून गेली असा अर्थ काढू नये. जुन्या अनेक नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असतात. त्या ‘वाहन’ प्रणालीत चढवण्याच्या कामाला कार्यालयात ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात.

पायरी ५. कार्यालयाकडे नोंदीचा उतारा मागा.
कर्नाटकात याला ‘बी-रजिस्टर एक्स्ट्रॅक्ट’ किंवा नुसते ‘बी-एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. महाराष्ट्रात ‘आरसी पर्टिक्युलर्स’ म्हणून मागावे. अर्जात नंबर, चॅसिस नंबर, मालकाचे नाव, आपले मालकाशी नाते आणि उतारा कशासाठी हवा हे लिहावे. ओळखपत्र आणि मालक हयात नसल्यास मृत्यू दाखला जोडावा. उत्तर मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. रजिस्टर उपलब्ध नसल्यास तसे लेखी उत्तर घ्यावे. पुढच्या अर्जाला ते लेखी उत्तरही उपयोगी पडते.

पायरी ६. ना-हरकत प्रमाणपत्राचा धागा पकडा.
गाडी दुसऱ्या राज्यातून आली असेल, तर आधीच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) नव्या कार्यालयाच्या फाइलमध्ये असते. त्यावर जुना नंबर आणि देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का असतो. तो जुना नंबर घेऊन त्या कार्यालयाकडे पायरी ५ पुन्हा करावी. पहिल्या नोंदणीची तारीख मिळेपर्यंत असेच मागे जावे.

एक उदाहरण

समजा, हेब्बाळमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाकडे केए २२ नंबरची फियाट आहे. आजोबा वारले. आजी म्हणतात, “गाडी मुंबईची, आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली.” नातू म्हणतो, “आजी, नंबर तर बेळगावचा आहे.”

दोघांचेही बरोबर असू शकते. केए २२ हा नंबर १९८९ नंतरचाच असणार. पण गाडीचे मॉडेल १९६० च्या दशकातले आहे. याचा अर्थ तिला आधी दुसरा नंबर होता. बेळगाव कार्यालयातून उतारा घेतल्यावर कळते की, आजोबा निवृत्त होऊन १९९२ मध्ये मुंबईहून बेळगावला आले आणि तेव्हा गाडीची कर्नाटकात नोंदणी झाली. फाइलमधील ना-हरकत प्रमाणपत्रावर मुंबईचा एमआर अक्षरांचा नंबर आहे. मुंबईच्या नोंदीत पहिल्या नोंदणीचे वर्ष १९६६ निघते. आजीच्या लग्नाच्या फोटोतही तोच नंबर आहे.

पुढे कुटुंब बेळगावहून बेंगळूरूला आले, पण दोन्ही शहरे कर्नाटकातच असल्याने नंबर बदलावा लागला नाही. केवळ प्लेट पाहिली असती, तर गाडी तीस-पस्तीस वर्षांची वाटली असती. माग काढल्यावर ती ५० वर्षांहून जुनी असल्याचे कागदोपत्री सिद्ध झाले. आता कुटुंबापुढे गाडी ठेवण्याचे आणि सोडण्याचे दोन्ही मार्ग खुले आहेत.

माग लागला. पुढे काय?

(अ) मालक हयात नाही, गाडी घरी आहे:
वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये मालकी बदलाचा अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत टळली असली तरी अर्ज करून विलंबाबाबत कार्यालयाची सूचना घ्यावी. मृत्यू दाखला, आरसी, विमा, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती लागते. वारसांबाबतचा दाखला कर्नाटकात नाडकचेरीतून आणि महाराष्ट्रात तहसील कार्यालयातून मिळतो. आरसी हरवली असल्यास पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा.

गाडी आपल्या नावावर करून घेण्यापूर्वी योजनेचा विचार करावा. कुटुंबाला चारचाकीची अट असलेल्या योजनेचा लाभ मिळत असेल, तर गाडी नावावर येताच पात्रतेवर परिणाम होऊ शकतो.

(आ) गाडी विकली, पण नोंद आपल्याच घरात आहे:
विक्रीची पावती, खरेदीदाराचा पत्ता, नमुना २९ व ३० च्या प्रती, जे असेल ते जोडून नोंदणी कार्यालयाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. खरेदीदार सापडत असेल, तर त्याच्याकडून मालकी बदल पूर्ण करून घ्यावा. योजनेच्या पडताळणीत प्रश्न आला, तर उतारा, विक्रीचा पुरावा आणि ही पोच दाखवावी. वाद झाल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि इतर पात्र घटकांना तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

(इ) गाडी मोडीत काढायची आहे:
भंगारवाल्याला गाडी दिल्याने नोंद रद्द होत नाही. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. २०२१ च्या नियमांनुसार सरकारमान्य वाहन स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिल्यास ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. त्यानंतर नोंद रद्द झाल्याची खात्री कार्यालयात करून घ्यावी. गाडी पूर्वीच भंगारात गेली असेल, तर उपलब्ध पुरावा आणि प्रतिज्ञापत्र देऊन नोंदणी रद्द करण्याची मागणी करावी.

(ई) गाडी जपायची आहे:
केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यासाठी पात्र ठरते. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अर्ज नमुना २० मध्ये करायचा असून विमा, शुल्क, पूर्वी नोंदलेल्या गाडीचे जुने आरसी आणि आयात गाडी असल्यास आयातीची कागदपत्रे जोडावी लागतात. नियमांनुसार नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. ६० दिवसांत नमुना २३अ मध्ये प्रमाणपत्र मिळते आणि ते १० वर्षे चालते.

पूर्वी नोंदलेली गाडी आपला मूळ नंबर ठेवू शकते. नव्याने नोंदणाऱ्या विंटेज गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. विंटेज नोंदणी झाली म्हणून योजनेतील चारचाकीची अट सुटते, असे समजू नये. गाडी नोंदणीकृतच राहते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे फक्त जुनी प्लेट आहे, गाडी नाही. शोध घेता येईल का?
उत्तर: होय. नंबर, मालकाचे नाव आणि तो तेव्हा राहत असलेला जिल्हा एवढ्यावर उताऱ्यासाठी अर्ज करता येतो. आपले नाते सिद्ध करणारा कागद जोडावा.

प्रश्न: नवी हाय सिक्युरिटी प्लेट (एचएसआरपी) बसवताना जुनी प्लेट द्यावी का?
उत्तर: १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही आता ही प्लेट लागते. जुनी प्लेट काढण्यापूर्वी तिचे आणि गाडीचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत.

प्रश्न: गाडीला केए नंबर मिळाला आहे. आजोबांच्या आठवणीसाठी जुनी मुंबईची प्लेट लावून फिरता येईल का?
उत्तर: नाही. रस्त्यावर चालू नोंदणीचाच नंबर लावावा लागतो. जुनी प्लेट घरात जपून ठेवावी.

प्रश्न: जुन्या गाडीची नोंदणी आपोआप संपते ना?
उत्तर: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पण मुदत संपणे आणि नोंद रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रद्द करून घेईपर्यंत मालकाचे नाव नोंदीत राहू शकते.

प्रश्न: एजंट म्हणतो, “जुना नंबर काढून देतो, पैसे द्या.” काय करावे?
उत्तर: उतारा, दुय्यम आरसी आणि मालकी बदल यांचे शुल्क ठरलेले असते आणि त्याची पावती मिळते. मूळ आरसी बुक कोणाच्याही हाती सोडू नये. प्रत द्यावी आणि मूळ फक्त कार्यालयात दाखवावे.

अर्ज करण्यापूर्वी एकदा तपासा

• नंबर अंकी आणि अक्षरी लिहिला आहे का?
• चॅसिस नंबरचा ठसा घेतला आहे का?
• गाडी कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होती, याची यादी केली आहे का?
• मृत्यू दाखला आणि वारसांचा पुरावा तयार आहे का?
• आपल्या योजनेतील ‘कुटुंब’ आणि ‘चारचाकी’ यांच्या अटी वाचल्या आहेत का?
• दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घेतली आहे का?

घरातील ज्येष्ठ मंडळींना गाडी कधी घेतली, कुठून आणली, कोणाला विकली, हे आठवत असेल तर आजच विचारून तारखांसह लिहून ठेवा. कोणत्या कार्यालयात विचारायचे हे त्यांच्या एका वाक्यावरून कळू शकते.

शुल्क, मुदती आणि योजनांचे निकष वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि योजनेच्या कार्यालयात चालू नियमांची खात्री करून घ्यावी.